मिटुकली बेडकुळी आणि दारावरचा भोपळा

डोंगराच्या पायथ्याशी एक शेत होते.
शेताला एक बांध होता.
बांधावर एक वेल होती.
वेलीला एक भोपळा होता. तांबडा. गोल. गरगरीत.
भोपळ्याच्या जरा खाली, मऊ मातीत, एक बीळ होते.
बीळ केवढे? लिंबाएवढे.
बिळात कोण राहत होते? मिटुकली बेडकुळी.

मिटुकली इवलीशी होती. डोळे मोठे, पण पापण्या जड.

पाऊस संपला होता. आश्विन महिना आला होता. आभाळ धुतल्यासारखे निळे झाले होते. पहाटे दव पडे. दुपारी ऊन पडे. माती हळूहळू वाळू लागली होती.

माती वाळू लागली, की बेडकुळ्या काय करतात?
जमिनीत जातात. खाली ओल असते. गार असते. तिथे त्या झोपतात. पुन्हा पाऊस येईपर्यंत झोपतात. पण अंग कोरडे पडण्याआधी आत जावे लागते. उशीर करून चालत नाही.

मिटुकलीच्या बहिणी केव्हाच झोपल्या. मिटुकली तेवढी मागे राहिली.
का राहिली? तिला भोंडल्याची गाणी आवडत. शेताच्या मालकीण द्वारकाकाकूंच्या अंगणात मुली रोज फेर धरत. मिटुकली वेलीखाली बसून ऐके.
“आज एक ऐकते. उद्या झोपते,” असे रोज म्हणे.

कोजागरीची सकाळ झाली. मिटुकलीला मोठी जांभई आली. आऽऽऽ!
“आता पुरे,” ती म्हणाली. “आज झोपायचंच.”
ती ओहोळावर गेली. तिने शेवटची डुबकी मारली. डुबुक!
ओल्या अंगाने ती परत निघाली. टुपुक टुपुक टुपुक!

येऊन पाहते, तर बीळ नाही!
बिळाच्या जागी भोपळा.
भोपळा जड झाला होता. जड झाला, म्हणून घसरला होता. धप्प! बरोबर दारावर बसला होता.

मिटुकलीने डोक्याने ढकलले. भोपळा हलला नाही.
पाठीने ढकलले. भोपळा हलला नाही.
मग तिने हाक मारली.

“भोपळेदादा, भोपळेदादा, जरा सरक ना!
तू सरकशील, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर मी आत जाईन.
आत जाईन, आणि गाढ झोपेन.
आऽऽऽ!”

भोपळा म्हणाला, “अगं, मी कसा सरकू? मला ना पाय, ना पंख. आलो तो नुसता घसरत आलो. बसलो तो बसलोच! काकू मला उचलतील, तर दार उघडेल.”

“बरं,” मिटुकली म्हणाली. आणि निघाली.

टुपुक टुपुक टुपुक!

बांधापलीकडे द्वारकाकाकूंचे घर होते. काकू चुलीपाशी बसल्या होत्या. कढई घासून ठेवली होती. गूळ किसून ठेवला होता. पीठ चाळून ठेवले होते. काकू नुसत्याच बसल्या होत्या.

“काकू, काकू, भोपळा उचला ना!
काकू भोपळा उचलतील, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर मी आत जाईन.
आत जाईन, आणि गाढ झोपेन.
आऽऽऽ!”

काकू म्हणाल्या, “जांभया कसल्या देतेस सकाळी सकाळी? मलाही तो भोपळा हवाच आहे गं बाई. पण उचलून आणू, आणि ठेवू कुठं? डोक्यावर? अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी बाईनं चालवायची नाही. आपल्याकडे तशी रीत आहे. पहिला काप काकांनी करायचा, पुढचं सगळं मी करायचं. काका सुरी धरतील, तर मी भोपळा उचलेन.”

“काका कुठं आहेत?”

“दारात. एक गाठ मारायला बसलेत. सकाळपासून!”

टुपुक टुपुक टुपुक!

जनूकाका दारात बसले होते. पुढ्यात आंब्याची पाने होती. झेंडूची फुले होती. कुरडूचे गुलाबी तुरे होते. हातात दोरा होता.

“काका, काका, सुरी धरा ना!
काका सुरी धरतील, तर काकू भोपळा उचलतील.
काकू भोपळा उचलतील, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर मी आत जाईन.
आत जाईन, आणि गाढ झोपेन.
आऽऽऽ!”

काका म्हणाले, “सुरी? आत्ता? आधी दाराला नवं बांधायचं. नवं म्हणजे काय, ठाऊक आहे? पानं, फुलं आणि नव्या भाताच्या लोंब्या. तिन्हींचा एक झुबका. तो दाराला लागला, की मग घरात नवं धान्य शिजतं, नवी भाजी चिरतात. माझ्याजवळ पानं आहेत. फुलं आहेत. लोंबी नाही. लोंबी पिकेल, तर मी सुरी धरेन.”

घरातून काकूंचा आवाज आला, “झाली का गाठ?”

“लोंबीशिवाय गाठ कशाला मारू?” काका म्हणाले.

मिटुकली शेताकडे वळली.

टुपुक टुपुक… टुपुक.

शेतात भात उभा होता. काठाला एक लोंबी होती. खालचे दाणे सोनेरी होते. टोकाचे दाणे हिरवे होते.

“लोंबीताई, लोंबीताई, पिकून जा ना!
लोंबी पिकेल, तर काका सुरी धरतील.
काका सुरी धरतील, तर काकू भोपळा उचलतील.
काकू भोपळा उचलतील, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर मी आत जाईन.
आत जाईन, आणि गाढ झोपेन.
आऽऽऽ!”

लोंबी म्हणाली, “पिकून जा म्हणे! पिकणं म्हणजे काय उडी मारणं आहे? बघ, माझे चार दाणे अजून हिरवे आहेत. त्यांना ऊन हवं. कालपासून ऊन नाही. ऊन पडेल, तर मी पिकेन.”

मिटुकलीने पाठ चाटून पाहिली. पाठ जरा कोरडी लागली.

टुपुक… टुपुक… टुपुक.

शेताच्या कोपऱ्यात थोडे पाणी साचले होते. पाण्यात सूर्य दिसत होता. फिकट. पांढरा. ताकातल्या लोण्यासारखा.
मिटुकली पाण्याच्या काठाशी बसली. पाण्यातल्या सूर्याशी बोलू लागली.

“सूर्यआजोबा, सूर्यआजोबा, ऊन पाडा ना!
ऊन पडेल, तर लोंबी पिकेल.
लोंबी पिकेल, तर काका सुरी धरतील.
काका सुरी धरतील, तर काकू भोपळा उचलतील.
काकू भोपळा उचलतील, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर मी आत जाईन.
आत जाईन, आणि गाढ झोपेन.
आऽऽऽ!”

सूर्य म्हणाला, “बाळ, तू बेडकुळी ना? उन्हानं तुझंच अंग वाळेल.”

मिटुकलीने थोडा विचार केला.
“थोडं वाळलं तर चालेल,” ती म्हणाली. “दार मात्र उघडायला हवं.”

“शहाणी आहेस,” सूर्य म्हणाला. “पण माझ्या तोंडावर ढग बसलाय. मला तुझं नाकसुद्धा नीट दिसत नाही. ढग सरेल, तर ऊन पडेल.”

टुपुक… टुपुक… टुपुक.

ढग डोंगराच्या खांद्यावर रेलला होता. मोठा, राखाडी, आळसावलेला. पावसाळ्याचे सगळे ढग निघून गेले होते. हा एकटाच मागे राहिला होता.
मिटुकली एका उंच दगडावर चढली.

“ढगोबा, ढगोबा, बाजूला सरा ना!
ढग सरेल, तर ऊन पडेल.
ऊन पडेल, तर लोंबी पिकेल.
लोंबी पिकेल, तर काका सुरी धरतील.
काका सुरी धरतील, तर काकू भोपळा उचलतील.
काकू भोपळा उचलतील, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर मी आत जाईन.
आत जाईन, आणि गाढ झोपेन.
आऽऽऽ!”

ढगालाही जांभई आली. आऽऽऽऽऽऽ! केवढी मोठी!

“सगळे मला सोडून गेले,” ढग म्हणाला. “म्हणाले, चल. मी म्हटलं, थांबा, जरा पाठ टेकतो. पाठ टेकली, आणि हे गेले! मी आपणहून कुठं चालतो का? मला ढकलायला लागतं. वारा उठेल, तर मी सरेन.”

“वारा कुठं आहे?”

“निजलाय. खाली. केळीच्या पानावर.”

टुपुक… टुपुक… … टुपुक.

केळीचे पान लांब होते. गुळगुळीत होते. त्यावर वारा पसरला होता. पान जरासे वर होई, जरासे खाली होई. वारा झोपेत श्वास घेत होता. सूंऽऽऽ… सूंऽऽऽ…
मिटुकली हलक्या आवाजात बोलली.

“वारेदादा, वारेदादा, उठून बस ना!
वारा उठेल, तर ढग सरेल.
ढग सरेल, तर ऊन पडेल.
ऊन पडेल, तर लोंबी पिकेल.
लोंबी पिकेल, तर काका सुरी धरतील.
काका सुरी धरतील, तर काकू भोपळा उचलतील.
काकू भोपळा उचलतील, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर मी आत जाईन.
आत जाईन, आणि गाढ झोपेन.
आऽऽऽ!”

वाऱ्याने एक डोळा उघडला.
“आश्विनातला वारा आहे मी,” तो म्हणाला. “मी असा तसा उठत नाही. मुली भोंडला खेळतात ना? गोल गोल फिरतात. त्यांचे परकर फुलतात. त्या परकरांच्या घेरातून मी उठतो. हळूच. आज दुपार झाली, तरी एकही परकर फुलला नाही. मुली फेर धरतील, तर मी उठेन.”
आणि त्याने डोळा मिटून घेतला.

मिटुकली आता दमली होती. पाठ कोरडी झाली होती. पाय जड झाले होते. पुन्हा काकूंच्या अंगणापर्यंत जायचे होते.

टुपुक… … टुपुक… … … टुपुक.

अंगणात पाट मांडला होता. पाटावर हत्ती काढला होता. हत्तीभोवती झेंडूची फुले वाहिली होती. पण फेर नव्हता. कुंदा पायरीवर बसली होती. रेवा पायरीवर बसली होती. शेवंती पायरीवर बसली होती. तिघींचे गाल फुगले होते.

मिटुकलीने मोठा श्वास घेतला.

“मुलींनो, मुलींनो, फेर धरा ना!
मुली फेर धरतील, तर वारा उठेल.
वारा उठेल, तर ढग सरेल.
ढग सरेल, तर ऊन पडेल.
ऊन पडेल, तर लोंबी पिकेल.
लोंबी पिकेल, तर काका सुरी धरतील.
काका सुरी धरतील, तर काकू भोपळा उचलतील.
काकू भोपळा उचलतील, तर दार उघडेल.
दार उघडेल, तर मी आत जाईन.
आत जाईन, आणि गाढ झोपेन.
आऽऽऽ!”

“अगं बाई, केवढं बोलते ही!” रेवा म्हणाली.

“फेर नाही,” कुंदा म्हणाली. “काल आम्ही सगळी गाणी म्हटली. पाय दुखेपर्यंत फिरलो. मग काकूंनी डबा वाजवला. म्हणाल्या, ओळखा खिरापत! आम्ही म्हटलं लाडू. नाही. म्हटलं करंजी. नाही. म्हटलं शंकरपाळे. नाही! आणि डब्यातून काय निघालं? फुटाणे!”

“फुटाणे!” शेवंती म्हणाली.

“म्हणून आज आधी खिरापत. मग फेर. खिरापत मिळेल, तर आम्ही फेर धरू.”

“आज खिरापत कशाची?” मिटुकलीने विचारले.

“घारग्यांची. गोड, गरम, तळलेले घारगे.”

“घारगे कशाचे?”

“भोपळ्याचे! त्या बांधावरच्या.”

मिटुकली मनात मोजू लागली.

भोपळा उचलला, तर घारगे होतील. घारगे झाले, तर मुली फेर धरतील. मुलींनी फेर धरला, तर वारा उठेल. वारा, ढग, ऊन, लोंबी, काका, काकू… आणि पुन्हा भोपळाच!
सगळी वाट गोल होती. फिरून फिरून ती भोपळ्याशीच आली होती.
आता कुणाकडे जायचे? कुणीच उरले नव्हते.

मिटुकलीला जांभईसुद्धा आली नाही. ती तशीच मातीवर बसून राहिली. तिची पाठ धुळीसारखी करडी दिसू लागली.

“ही वाळली गं!” शेवंती म्हणाली. तिने तांब्यातले पाणी ओंजळीत घेतले. मिटुकलीच्या पाठीवर सोडले. टप टप टप. मिटुकली पुन्हा हिरवी दिसू लागली.

मिटुकलीने डोळे उघडले. हळूच म्हणाली,
“मी रोज ऐकते तुमचा भोंडला. वेलीखालून. आधी गाणी असतात. मग डबा वाजतो. मग तुम्ही ओळखता. मग खाता. आधी खिरापत आणि मग गाणी, असं मी कधीच ऐकलं नाही.”

कुंदाने रेवाकडे पाहिले. रेवाने शेवंतीकडे पाहिले.

“तसं आहे खरं,” रेवा म्हणाली.

“पण फुटाणे…” कुंदा म्हणाली.

“फुटाणे तुला आवडतात, कुंदे,” शेवंती म्हणाली. “काल तूच दोन मुठी खाल्ल्यास. आपल्याला ओळखता आले नाहीत. म्हणून आपण रुसलो.”

कुंदाचे गाल फुगलेलेच होते. पण ओठ हसू लागले होते.

मिटुकली तोवर उठली होती. ती पाटापाशी गेली. तिने हत्तीला नमस्कार केला. आणि पाटाभोवती एक उडी मारली.
टुपुक.
दुसरी उडी मारली.
टुपुक.
पाट केवढा मोठा! बेडकुळी केवढी लहान! पण तिने एकटीनेच फेर धरला होता.

“थांब गं, आम्हीही येतो!” शेवंती म्हणाली. तिने रेवाचा हात धरला. रेवाने कुंदाचा हात धरला. तिघी पाटाभोवती फिरू लागल्या. मध्ये हत्ती, हत्तीशेजारी मिटुकली. आणि मुली गाऊ लागल्या.

“एक फूल वेलीचं, पिवळं पिवळं गं,
दुसरं फूल झेंडूचं, केशरी केशरी गं,
तिसरं फूल चांदण्याचं, पांढरं पांढरं गं,
फिरा गं फिरा, हळू हळू फिरा…”

परकर फुलले. हिरवा परकर, लाल परकर, जांभळा परकर. भिर्र… भिर्र… भिर्र…

मुलींनी फेर धरला, आणि वारा उठला. सूंऽऽऽ! केळीचे पान हलले. वारा डोंगराकडे निघाला.

वारा उठला, आणि ढग सरला. “आलो, आलो, ढकलू नकोस!” असे म्हणत तो डोंगराच्या खांद्यावरून उतरला. मागे राहिलेला ढग आपल्या घरच्या वाटेला लागला.

ढग सरला, आणि ऊन पडले. पिवळे, कोवळे, तुपासारखे. बांधावर पडले. अंगणात पडले. भातावर पडले.
मिटुकली पटकन झेंडूच्या फुलाखाली शिरली.

ऊन पडले, आणि लोंबी पिकली. एक दाणा पिवळा झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. चौथाही झाला. लोंबी जड झाली, आणि वाकली. “आता न्या मला,” ती म्हणाली.

लोंबी पिकली, आणि काका उठले. त्यांनी पिकलेल्या लोंब्या आणल्या. पाने, फुले, लोंब्या. तिन्हींचा झुबका केला. गाठ मारली. दाराला नवं बांधले. दार कसे सजले!

“झाली का गाठ?” काकूंनी विचारले.

“झाली! आण तो भोपळा!” काका म्हणाले. आणि काकांनी सुरी धरली.

काकांनी सुरी धरली, आणि काकू बांधावर गेल्या. पुढे काकू, मागे मुली, आणि सगळ्यांच्या मागे मिटुकली.
टुपुक… टुपुक… टुपुक.

काकूंनी पदर खोचला. देठ खुडला. दोन्ही हातांनी भोपळा धरला.
“हं… हं… हंऽऽ… आला गं बाई!”

“सांभाळून!” भोपळा म्हणाला. “मी कधी एवढ्या उंच गेलो नाही!”

काकूंनी भोपळा उचलला, आणि दार उघडले.

लिंबाएवढे दार. काळे. गार. आतून ओल्या मातीचा वास आला.

मिटुकली दारापाशी आली. मागे वळून म्हणाली, “येते हं.”

“बाई गं, खिरापत नाही खायची?” रेवाने विचारले.

“नको. झोप खायची आहे,” मिटुकली म्हणाली.

कुंदा हसली. काकू हसल्या. काकूंच्या हातातला भोपळाही हसला, आणि गदगदा हलला.

मग मिटुकली आत गेली. एक पाय आत. दुसरा पाय आत. पोट आत. डोके आत. तिने पायांनी माती मागे लोटली. मऊ मातीचे पांघरूण घेतले. खाली ओल होती. गार होते. शांत होते.
आऽऽऽ…
डोळे मिटले.

वर काय झाले?

वर काकांनी भोपळ्याचा पहिला काप केला. खच्च! भोपळा आतून केशरी निघाला. काकूंनी तो किसला. गुळात शिजवला. पिठात मळला. केळीच्या पानावर थापला. कढईत सोडला. चर्र… चर्र… घारगे फुगले. अंगणभर वास सुटला. काकूंनी डब्यात घारगे भरले. डबा वाजवला. ओळखा खिरापत! या खेपेला सगळ्यांनी ओळखली. काकूंनी डबा उघडला. सगळ्यांना वाटा मिळाला. दाराला नवं लावले होते, त्यालाही नैवेद्य मिळाला. हत्तीलाही मिळाला.

संध्याकाळ झाली. डोंगरामागून चंद्र आला. पूर्ण, गोल, दुधासारखा. काकूंनी दूध आटवत ठेवले. त्यात केशराच्या दोन काड्या टाकल्या. अंगण चांदण्याने भरून गेले. शेत भरले. बांध भरला.

कोजागरीचा चंद्र सगळ्यांना एकच गोष्ट विचारतो. तो अगदी हळू आवाजात विचारतो.

“कोण जागं आहे?”

“मी जागी,” काकू म्हणाल्या.
“मी जागा,” काका म्हणाले.
“आम्ही जाग्या!” कुंदा, रेवा आणि शेवंती म्हणाल्या.
“मी जागी,” दारावरची लोंबी म्हणाली.
“मी जागा,” वारा म्हणाला, आणि केळीचे पान हलले.

चंद्र बांधावर आला. वेलीपाशी आला. लिंबाएवढ्या दारावर वाकला.

“आणि इथं? इथं कोण जागं आहे?”

आतून काहीच आवाज आला नाही.
एक छोटासा श्वास आला. एक छोटासा श्वास गेला.

चंद्राने बोट ओठांवर ठेवले.
चांदणे जरासे पुसट केले.
आणि पुन्हा विचारले नाही.